औषधाची पिशवी आणि प्रभाराचे गणित

(विज्ञान परिचय : इयत्ता ८ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी)





२०२१ च्या मे-जून महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिस हा आजार महाराष्ट्रात आणि आपल्या कर्नाटकातही पसरला. हुबळीच्या किम्स रुग्णालयातही त्याचे रुग्ण दाखल होते. त्या दिवसांत 'लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी' हे एका दमात न उच्चारता येणारे नाव घराघरांत पोहोचले. इंजेक्शनचा तुटवडा होता. चिठ्ठी हातात घेऊन नातेवाईक दुकानामागून दुकान हिंडत होते. त्या चिठ्ठीवरच्या 'लायपोसोमल' या शब्दाचा अर्थ मात्र फारच थोड्यांना ठाऊक होता.

हाच शब्द कर्करोगाच्या काही औषधांवरही असतो. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरातील मुलाने हा शब्द वाचला तर त्याला तो समजावा, अशी आमची इच्छा आहे. आठवी ते दहावीच्या पुस्तकांतील दोन धडे, एक पेशीचा आणि दुसरा विद्युतप्रभाराचा, या एका शब्दात एकत्र येतात. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे : मेदाच्या अतिसूक्ष्म पिशवीवर विजेचा प्रभार असेल, तर तिच्यातले औषध कर्करोगाच्या पेशीत अधिक जाते की कमी?

उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हेच या पाठातून शिकायचे आहे.

१. आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्या गावात एका मुलाच्या कानावर तीन-चार भाषा पडतात. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'कोशिका' म्हणत, मराठीत 'पेशी' म्हणतात आणि कन्नड पुस्तकात 'जीवकोश' लिहितात. वस्तू एकच. विजेच्या बाबतीत थोडी गंमत आहे. हिंदीत 'आवेश' आणि कन्नडमध्ये 'विद्युदावेश' म्हणतात, पण मराठीत 'आवेश' म्हटले की भाषण करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. म्हणून मराठीत आपण 'प्रभार' म्हणतो. धन आणि ऋण असे प्रभाराचे दोन प्रकार आहेत. समान प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, विरुद्ध प्रभार जवळ ओढतात. एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी पुढचा सगळा पाठ समजेल.

२. लायपोसोम म्हणजे काय?

तेल पाण्यात मिसळत नाही हे आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. परंतु काही मेदयुक्त पदार्थांचे रेणू दुहेरी स्वभावाचे असतात. त्यांच्या एका टोकाला पाणी आवडते आणि दुसऱ्या टोकाला पाणी नको असते. अंड्याच्या पिवळ्या बलकात आणि सोयाबीनमध्ये असणारे लेसिथिन हे याचे उत्तम उदाहरण. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन रांगांत उभे राहतात. पाणी आवडणारी टोके बाहेर, नावडणारी टोके आत. हा दुहेरी थर वळून बंद झाला की पोटात पाणी असलेली एक पिशवी तयार होते. हीच लायपोसोम.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे पटलही मुळात याच प्रकारच्या दुहेरी थराचे असते. म्हणजे लायपोसोम ही पेशीच्या बाह्यपटलाची रिकामी प्रतिकृतीच आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम येथील संशोधक ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात या पिशव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पुढे १९७० च्या दशकात त्यांचा उपयोग औषधाचे वाहन म्हणून करण्याचे प्रयत्न सुरू झाले.

गृहिणींना ही रचना लगेच समजेल. करंजी आठवा. बाहेर पारी, आत सारण. पाण्यात विरघळणारे औषध सारणाच्या जागी, म्हणजे पिशवीच्या पोटात राहते. मेदात विरघळणारे औषध पिठातल्या मोहनासारखे पारीतच मुरून बसते. ॲम्फोटेरिसिन बी हे पारीत बसणारे औषध आहे. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध मात्र पिशवीच्या पोटात भरतात.

आकाराचा अंदाज घेऊ. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. औषधासाठीच्या लायपोसोम साधारण १०० नॅनोमीटर व्यासाच्या असतात. माणसाचा केस अंदाजे ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर त्याच्या रुंदीत अशा ८०० पिशव्या शेजारी-शेजारी मावतील.

३. औषध पिशवीत का भरायचे?

डॉक्सोरुबिसिन वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारते, पण हृदयाच्या स्नायूलाही इजा करते. त्यामुळे एका रुग्णाला आयुष्यभरात ते एकूण किती देता येईल यावर मर्यादा असते. औषध पिशवीत बंद ठेवले तर हृदयाच्या पेशींपर्यंत कमी पोहोचेल, असा विचार झाला.

याला आणखी एका निरीक्षणाची जोड मिळाली. कर्करोगाची गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्यातील नव्या रक्तवाहिन्या कच्च्या बांधणीच्या असतात आणि त्यांच्या भिंतींत फटी राहतात. निरोगी वाहिन्यांतून सहसा बाहेर न पडणारे मोठे कण या फटींतून गाठीत झिरपतात आणि तेथे अडकून राहतात. जपानचे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली हे दाखवून दिले. पुढे इस्राएलचे बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांच्या कामातून 'डॉक्सिल' हे लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिन तयार झाले व अमेरिकेत त्याला १९९५ साली मान्यता मिळाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उंदरांच्या गाठींत हा फटींचा परिणाम ठळक दिसतो. माणसांत मात्र तो गाठीगाठीनुसार, रुग्णारुग्णानुसार बदलतो. प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नॅनोकणांच्या दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेल्या भागाचा मध्यक सुमारे ०.७ टक्के निघाला. शंभरात एकही नाही! म्हणजे खरी अडचण वाटेतच आहे.

४. दारापाशी : धनप्रभाराचा फायदा

आता प्रभाराकडे वळू. पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंचे दाट आवरण असते. त्यात सियालिक आम्ल असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर ऋणप्रभार येतो. कर्करोगाच्या अनेक पेशींवर हे प्रमाण वाढलेले असते. शिवाय निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा ऋणप्रभारित मेद पटलाच्या आतल्या बाजूला ठेवतात. कर्करोगाच्या अनेक पेशींत तो बाहेरच्या बाजूलाही येतो.

मग सोपा उपाय सुचतो. पिशवीच्या पारीत धनप्रभारित मेद मिसळावा. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतील आणि पिशवी पेशीला चिकटेल. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हा प्रयोग केला की तो बहुधा यशस्वी होतो. प्रभार नसलेल्या पिशव्यांपेक्षा धनप्रभारित पिशव्या पेशीत अधिक शिरतात.

पिशवी चिकटल्यावर पेशीचे पटल तेथे आत वळते आणि पिशवीला पोटात घेते. आत ती एका कप्प्यात बंद होते. कप्प्यातील द्रव हळूहळू आम्लधर्मी होत जातो आणि पुढे पाचकरसांनी सगळे विरघळते. औषधाला त्याआधी बाहेर पडावे लागते. येथेही धनप्रभार मदत करतो. पिशवीचा धन मेद कप्प्याच्या भिंतीतील ऋण मेदाशी मिसळतो, भिंत कमकुवत होते आणि आतला माल पेशीद्रव्यात सांडतो. फेल्गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली धनप्रभारित मेदाच्या साहाय्याने पेशीत डीएनए पोहोचवून दाखवला, तेव्हापासून या मार्गाकडे जगाचे लक्ष लागले.

येथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल, प्रश्न सुटला. परंतु काचेच्या बशीत रक्त वाहत नाही आणि यकृतही नसते.

५. वाटेत : त्याच प्रभाराचा तोटा

शिरेतून दिलेल्या पिशवीला गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी संपूर्ण शरीरातून प्रवास करावा लागतो. या वाटेवर काय घडते ते क्रमाने पाहू.

(अ) धनप्रभारित पिशवी : रक्तातील अल्ब्युमिनसारख्या अनेक प्रथिनांवर ऋणप्रभार असतो. ती पिशवीला चिकटतात, तिच्यावर थर चढतो, कधी कधी पिशव्यांचे गोळे होतात. शिरेतून निघालेले रक्त सर्वप्रथम फुप्फुसांत जाते, म्हणून असे गोळे तेथील बारीक केशवाहिन्यांत अडकतात. उरलेल्या पिशव्यांपैकी पुष्कळशा यकृत पकडते. शिवाय ऋणप्रभार केवळ कर्करोगाच्या पेशीवर असतो असे नाही. आपल्या तांबड्या रक्तपेशींवरही तो असतो आणि त्यामुळेच त्या एकमेकींना दूर ठेवतात. वाहिन्यांच्या आतल्या भिंतीवरही तो असतो. धनप्रभार या सर्वांना चिकटतो, आणि प्रमाण वाढले की निरोगी पेशींच्या पटलालाही इजा करतो.

(आ) तीव्र ऋणप्रभारित पिशवी : पेशींच्या ऋण पृष्ठभागापासून ती दूर ढकलली जाते, म्हणून ती सुरक्षित असेल असे वाटते. परंतु यकृत आणि प्लीहा यांतील भक्षकपेशींना काही ऋण मेद चांगले ओळखता येतात. मरणाऱ्या पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरीन येते आणि ती भक्षकपेशींसाठी 'मला उचला' अशी खूण असते. पिशवीवर हीच खूण असेल तर तिलाही उचलले जाते.

(इ) प्रभारहीन किंवा प्रभार झाकलेली पिशवी : ती रक्तात अधिक काळ फिरते, त्यामुळे गाठीपर्यंत पोहोचण्याची संधी तिला जास्त मिळते. पण पेशीच्या दारात गेल्यावर ती पटकन चिकटत नाही.

धारवाडच्या माळावरून चालताना कपड्यांना कुसळे लागतात. (ती काट्यांमुळे चिकटतात, प्रभारामुळे नव्हे. ही फक्त उपमा आहे.) जे कुसळ कशालाही चिकटते, ते आपल्याला हव्या त्या ठिकाणी पोहोचेलच असे नाही, कारण पहिल्या धोतराच्या काठालाच त्याचा प्रवास संपतो. धनप्रभारित पिशवीचे तसेच होते. अति तेथे माती म्हणतात ते येथे अक्षरशः खरे ठरते.

गाठीच्या आतही हाच अनुभव आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या थर्स्टन, मॅकडोनाल्ड आदी संशोधकांनी १९९८ साली उंदरांत दाखवले की धनप्रभारित लायपोसोम गाठीतील नव्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीला निरोगी वाहिन्यांपेक्षा कितीतरी अधिक चिकटतात. नंतर २००२ साली बोस्टनच्या कॅम्पबेल, जैन आदींनी पिशवीतील धन मेदाचे प्रमाण वाढवत नेले. (यातील राकेश जैन हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी.) गाठीत पोहोचलेल्या पिशव्यांची एकूण संख्या फारशी बदलली नाही. बदलली ती जागा. धनप्रभार वाढला तसा वाहिन्यांना चिकटून राहिलेल्या पिशव्यांचा वाटा वाढला. म्हणजे पाहुणा गल्लीपर्यंत आला, पण घरात न येता वेशीच्या भिंतीला टेकून बसला.

यातूनही शास्त्रज्ञांनी नवा विचार काढला. वाहिनीलाच चिकटते ना, मग वाहिनीवरच हल्ला करू आणि गाठीची रसद तोडू. पॅक्लिटॅक्सेल हे औषध भरलेल्या धनप्रभारित लायपोसोम या विचाराने तयार झाल्या आणि माणसांवरील चाचण्यांपर्यंत गेल्या. जो गुण एका कामात अडथळा ठरला, तोच दुसऱ्या कामात उपयोगी पडू शकतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

६. पिशवीच्या आत : प्रभाराचे कुलूप

प्रभाराचे काम केवळ बाहेर नाही. पिशवी भरतानाही त्याचाच उपयोग होतो, आणि हा भाग आम्हाला सर्वांत सुंदर वाटतो.

डॉक्सोरुबिसिन हे सौम्य आम्लारी आहे. प्रभार नसलेल्या रूपात ते मेदाची भिंत ओलांडू शकते. म्हणून पिशवीच्या पोटात आधी अमोनियम सल्फेटचे द्रावण भरतात आणि बाहेरचे काढून टाकतात. आतला अमोनिया वायुरूपाने बाहेर निसटतो आणि मागे आम्लता राहते. बाहेरून औषध आत शिरते, तेथे त्याला धनप्रभार मिळतो आणि सल्फेटबरोबर त्याचे घन कण बनतात. प्रभार आला की मेदाची भिंत ओलांडणे अवघड. दार उघडेच होते, पण आत आल्यावर पाहुण्याला बाहेर पडता येत नाही.

२०२१ साली ज्या इंजेक्शनसाठी धावाधाव झाली, त्यातील मूळ परदेशी बनावटीच्या लायपोसोममध्येही अशीच युक्ती आहे. तिच्या पारीत एक ऋणप्रभारित मेद मिसळलेला असतो. ॲम्फोटेरिसिनच्या रेणूवरील धनप्रभारित भाग त्याच्याशी जोडी जमवतो आणि औषध पारीत घट्ट बसते. त्यामुळे मूत्रपिंडांना होणारा त्रास पुष्कळ कमी होतो.

७. मग उपाय काय? प्रभार योग्य वेळी दाखवणे

पहिला उपाय झाकण्याचा. डॉक्सिलच्या पृष्ठभागावर पीईजी नावाच्या पाणीप्रिय धाग्यांचे आवरण असते. पिशवीवरचा किंचित ऋणप्रभार त्याखाली झाकला जातो, प्रथिने कमी चिकटतात आणि पिशवी रक्तात दिवसच्या दिवस फिरते. पण याचीही किंमत आहे. इतका काळ फिरणारी पिशवी तळहात-तळपायांच्या त्वचेतही झिरपते, आणि काही रुग्णांना तेथे लाली, जळजळ व फोड येतात.

दुसरा उपाय अधिक हुशारीचा आहे. असा मेद तयार केला की जो रक्तात जवळजवळ प्रभारहीन राहतो आणि पेशीच्या आतील आम्लधर्मी कप्प्यात गेल्यावर धनप्रभारित होतो. रक्ताचा सामू ७.४ असतो, तर त्या कप्प्यातील सामू ६ च्या खाली उतरतो. एवढ्या फरकाने मेदाच्या रेणूला हायड्रोजनचा धन आयन मिळतो. वाटेत शांत, आत गेल्यावर सक्रिय. २०१८ साली मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे आनुवंशिक मज्जारोगावरील औषध आणि २०२० पासूनच्या फायझर व मॉडर्नाच्या कोरोना लसी याच तत्त्वाच्या मेदकणांवर उभ्या आहेत. कर्करोगासाठी अशा कणांचा वापर करण्याचे संशोधन जगभर सुरू आहे.

कायमचा धनप्रभार वाया गेला असेही नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ या देशातील पहिल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिच्यात मेदाच्या थेंबांच्या धनप्रभारित पृष्ठभागावर ऋणप्रभारित एमआरएनए धरून ठेवलेले असते. ही लस दंडात टोचली जाते. तिला रक्तातून दूरच्या गाठीपर्यंत जायचे नसते, म्हणून चिकटण्याचा गुण तेथे चालून जातो.

८. आपल्या माणसांचे काम

हे सगळे परदेशातच घडले असे विद्यार्थ्यांनी समजू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी विकसित करून रुग्णांपर्यंत नेले. या कामात दिल्ली विद्यापीठातील डॉ. बिमल कुमार बच्छावत यांच्या लायपोसोम संशोधनाचा मोठा आधार होता. महागड्या आयात औषधाला देशी पर्याय उभा राहिला तो सार्वजनिक रुग्णालयातून, ही गोष्ट अभिमानाची आहे.

दुसरे उदाहरण २०१२ सालचे. अमेरिकेत डॉक्सिलचा मोठा तुटवडा पडला, तेव्हा तेथील औषध प्रशासनाने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा कंपनीचे 'लिपोडॉक्स' तात्पुरते आयात करण्यास परवानगी दिली. पुढच्या वर्षी फेब्रुवारी २०१३ मध्ये सन फार्माच्या जेनेरिक औषधाला तेथे रीतसर मान्यताही मिळाली.

आपल्या हुबळी-धारवाडमध्ये औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, नवनगरला कर्करोगाचे रुग्णालय आहे. उद्याचा संशोधक आपल्याच वर्गातील तिसऱ्या बाकावर बसलेला असू शकतो.

९. पालकांसाठी तीन गोष्टी

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची. औषधाचे नाव पूर्ण वाचा. साधे ॲम्फोटेरिसिन बी आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी यांत औषध एकच, पण मात्रा वेगळी. साध्या औषधाची दिवसाची मात्रा दर किलो वजनामागे १.५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत. काळ्या बुरशीसाठी लायपोसोमल औषध मात्र ५ मिलिग्रॅम किंवा अधिकही देतात. एकाच्या जागी दुसरे, त्याच मात्रेत दिले गेले तर जिवावर बेतू शकते. डॉक्सोरुबिसिनचेही तसेच आहे. साधे आणि लायपोसोमल ही दोन वेगळी औषधे समजा. दुकानात 'हे नाही, पण त्यातलेच दुसरे आहे' असे ऐकले, तर घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. घाईच्या वेळी ही एक सवय माणूस वाचवू शकते.

दुसरी. 'लायपोसोमल' म्हणजे अधिक जालीम असे नव्हे. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आजार आटोक्यात राहण्याचा काळ साध्या व लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनमध्ये जवळजवळ सारखा होता. हृदयाची हानी मात्र लायपोसोमल औषधात बरीच कमी होती. पिशवीने शत्रूला जास्त मारले नाही, आपल्या माणसाला जास्त जपले. हा लाभ लहान नाही, पण तो नेमका कोणता आहे ते माहीत असावे. तुमच्या रुग्णाला कोणते औषध योग्य, हे त्याचे हृदय, आजाराचा प्रकार आणि खर्च पाहून डॉक्टरच सांगू शकतात.

तिसरी. 'नव्या औषधाने कर्करोगाच्या पेशी नष्ट' अशी बातमी किंवा जाहिरात दिसली की एक प्रश्न विचारा : या पेशी कुठे होत्या? काचेच्या बशीत, उंदरात की माणसात? या पाठात आपण पाहिले की बशीत जिंकलेला प्रभार रक्तात हरतो. अशा बातमीच्या भरवशावर चालू उपचार सोडणे किंवा घर गहाण टाकणे हे कोणाच्याही नशिबी येऊ नये.

१०. करून पाहा

१) प्लॅस्टिकची स्ट्रॉ कोरड्या कागदाने घासा आणि भिंतीला, कपड्याला, कागदाच्या कपट्यांना लावून पाहा. ती कशाकशाला चिकटते याची यादी करा. मग अशा दोन घासलेल्या स्ट्रॉ दोऱ्याने टांगून जवळ आणा. (आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे हा प्रयोग फसतो. डिसेंबरनंतर करावा.)

२) पाण्यात चमचाभर तेल घालून बाटली हलवा. दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच तेल-पाण्यात थोडा अंड्याचा बलक किंवा भांडी घासायच्या साबणाचा थेंब घाला. कोणत्या बाटलीत थर लवकर वेगळे होतात? (हे तेलाचे थेंब आहेत, लायपोसोम नव्हेत. फरक लिहा.)

३) कागदाला हळद लावून वाळवा. एका ठिकाणी लिंबाचा रस, दुसऱ्या ठिकाणी चुन्याची निवळी लावा. चुना लावताना मोठ्या माणसांना सोबत घ्या. लाल रंग येतो तो हळदीच्या रेणूने हायड्रोजनचा आयन गमावल्यामुळे. हळदीपासून कुंकू बनते ते याच गुणामुळे. परिसराचा सामू बदलला की रेणूचे रूप बदलते. सातव्या भागातील हुशार मेदाचे रहस्य हेच आहे.

११. विचार करा व लिहा

१) तांबड्या रक्तपेशींवरचा ऋणप्रभार नाहीसा झाला तर काय होईल?
२) धनप्रभारित पिशवी बशीत यशस्वी आणि शरीरात अयशस्वी का ठरते? तीन कारणे द्या.
३) डॉक्सोरुबिसिन पिशवीत शिरते पण बाहेर का पडत नाही, हे आकृतीसह स्पष्ट करा.
४) घरातील कोणत्याही एका औषधाच्या वेष्टनावरचे पूर्ण नाव वहीत उतरवून त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधा. औषधाला हात लावण्यापूर्वी घरच्यांना विचारा.

उत्तरे पुढील महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू. विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे की प्रयोगशाळेसाठी सामू कागद आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक उपलब्ध करून द्यावा, आणि नववी-दहावीच्या मुलांना एखाद्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाची प्रयोगशाळा दाखवण्याची व्यवस्था करावी. १०० नॅनोमीटरची पिशवी आपल्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाही हे खरे. पण कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी दिसेल, आणि पुढची वाट तेथूनच सुरू होते.

आपला,
मुख्याध्यापक